पाणाडीण

मार्च २०२० च्या सुरुवातीला आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी तपासणी करायची आणि एसटीनं जतला परत जायचं, असा तिचा बेत होता. तपासणी झाली आणि एसटी बंद पडली. मग काळा चष्मा लावून, डोक्यावर पदर घेऊन आत्या आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये अडकली ती थेट जूनपर्यंत. गावाकडे शेळ्या, इथे चार कुंड्यांची बाल्कनी. दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झालं होतं, ते ती सकाळी बघायची आणि रात्रीही बघायची. मधला अख्खा दिवस मात्र खायला उठायचा.

अशाच एका संध्याकाळी मी जुनी हार्ड डिस्क टीव्हीला जोडून बसले होते. पडद्यावर एक शाळकरी मुलगी गळ्यातला लोलक साखळीला धरून हवेत सोडते, डोळे मिटते आणि तो जिकडे ओढ घेईल तिकडे जे कुणाला दिसत नाही ते बघते. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. आत्याला यातलं काहीच कळणार नाही म्हणून मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"म्हंजे पाणाड्याच की गं ही."

आणि थोडं थांबून, "बाई हाय, तवा पाणाडीण म्हणायचं."

‘द व्हिजन ऑफ एस्काफ्लोने’ ही जपानी ॲनिमेशन मालिका मी पहिल्यांदा बघितली त्याला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. त्या पंधरा वर्षांत तिच्याबद्दल भावापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची मतं ऐकून झाली होती. जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या पाणाड्याचा हा शब्द कुणालाच सुचला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर पाणाड्याच्या मागनं उन्हातान्हात चाललेली मुलगी. पण ते पुढे.

आधी मालिका. एप्रिल ते सप्टेंबर १९९६ मध्ये जपानच्या टीव्ही टोकियोवर तिचे सव्वीस भाग दाखवले गेले. इव्हांगेलियन या गाजलेल्या रोबो-मालिकेचा शेवटचा भाग त्याच वाहिनीवर २७ मार्चला संपला आणि २ एप्रिलला ही सुरू झाली, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यातला एका रोबोचा गोंधळ निवळायच्या आत दुसरा दारात उभा. कल्पना शोजी कावामोरीची, दिग्दर्शन काझुकी आकानेचं, स्टुडिओ सनराइज. कावामोरी नेपाळला जाऊन आला होता, तिथल्या धुक्यात वेढलेल्या डोंगरांनी त्याला काहीतरी दिलं आणि त्यातून हे जग उभं राहिलं, असं सांगतात. गाया नावाचा ग्रह. तिथल्या आकाशात चंद्र तर दिसतोच, पण त्याच्या शेजारी आपली निळी पृथ्वीही लटकलेली असते, आणि तिथले लोक तिला अपशकुनी मानतात.

हितोमी कांझाकी ही पृथ्वीवरची, शंभर मीटर धावणारी, भविष्य सांगणारे टॅरोचे पत्ते वाचणारी मुलगी. गळ्यातला गुलाबी लोलक आजीनं दिलेला. त्याचा एक झोका बरोबर एका सेकंदाचा, म्हणून पहिल्या भागात मैत्रीण त्याच्यावर तिची धाव मोजते. (आमच्या घरातल्या इंजिनिअरनं लगेच हिशोब केला: पूर्ण झोका एका सेकंदाचा असेल तर साखळी पंचवीस सेंटिमीटरची हवी. चित्रातही साधारण तेवढीच वाटते, असं त्याचं म्हणणं.) त्याच धावपट्टीवर रात्री एक तलवारधारी मुलगा आणि त्याच्या मागोमाग ड्रॅगन येऊन पडतो. मुलगा म्हणजे फानेलियाचा राजपुत्र व्हान. ड्रॅगन मारून त्याच्या छातीतला मणी काढायचा आणि मगच सिंहासनावर बसायचं, ही त्याच्या घराण्याची रीत. त्या मण्यावर एस्काफ्लोने चालतो.

एस्काफ्लोने हा रोबो. पण रोबो म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते इथे नाही. गायातले लोक त्याला गायमेलेफ म्हणतात. अंगावर चिलखत, पाठीवर फडफडणारा झगा, आत लाकूड-पितळेची आठवण करून देणारी दातेरी चाकं. व्हान आत उभा राहून स्वतःचे हात हलवतो तेव्हा यंत्राचे हात हलतात. पहिल्यांदा तो हाताला चिरा देऊन मण्यावर रक्त सोडतो तेव्हा ते जागं होतं. दुमडून ड्रॅगन झालं की व्हान पाठीवर उभा राहून लगाम धरतो, घोड्यासारखा. किमितोशी यामानेनं काढलेली ही यंत्रं दादाला इतकी आवडली की होस्टेलच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं एक काढलं होतं. रेक्टरनं दंड केला.

दादाच २००५ च्या दिवाळीत सात सीडी घेऊन आला. कॉलेजच्या लॅनवरून उतरवून घेतलेल्या, वर मार्करनं ‘एस्का’ लिहिलेलं. त्याचं मत ठरलेलं होतं: "रोबो एक नंबर. ती पोरगी मधेमधे रडते, तेवढं पळव." आणि तो खरंच पळवायचा. हितोमी पत्ते मांडायला बसली की दादाचा हात माउसवर. मी चिडायचे. मग तो झोपला की मी तेच भाग पुन्हा लावायची, पळवलेले तुकडे सावकाश बघत. त्यामुळे एकाच घरात, एकाच कॉम्प्युटरवर आम्ही दोन वेगळ्या मालिका बघत होतो. त्याची लढायांची, माझी एका घाबरट मुलीची जी सारखं पुढचं बघत राहते.

नंतर कधीतरी कळलं की अमेरिकेतही असाच एक दादा माउसवर बसला होता. २००० साली तिथल्या फॉक्स किड्स या वाहिनीनं ही मालिका घेतली आणि पोरांना रोबो हवेत म्हणून कात्री चालवली. पहिला भाग, म्हणजे हितोमीची धाव आणि तिचं घर, सरळ उडवला. तिचं महत्त्व कमी केलं. योको कान्नो आणि हाजिमे मिझोगुचीच्या संगीतात धडधडणारं टेक्नो घुसवलं. दहा भागांनंतर कार्यक्रम बंद. मी हे दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "संगीत बदलायला नको होतं." पोरीबद्दल अजूनही काही बोलला नाही.

संगीताबद्दल मात्र दुमत मी ऐकलेलं नाही. वॉर्साच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं ते संगीत. युद्धाच्या वेळी एक समूह नुसतं रोबोचं नाव घोष करत राहतो, आरतीत शेवटी गजर वाढत जातो तसा. ते एकदा कानात बसलं की भांडी घासतानासुद्धा येतं. सुरुवातीचं गाणं म्हणणारी माया साकामोतो तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि हितोमीचा आवाजही तिचाच. तो आवाज नाटकी अजिबात नाही, शेजारच्या मुलीनं खिडकीतून हाक मारावी तसा. माझी होस्टेलमधली एक मैत्रीण कथेतलं सगळं विसरली, पण ते गाणं तिला अजून पाठ आहे, एका शब्दाचा अर्थ न कळता.

होस्टेलवरच्या आम्हा मुलींत भांडण वेगळं होतं. व्हान की ॲलन? ॲलन शेझार हा आस्तुरियाचा सरदार, लांब सोनेरी केस, बोलणं लोण्यासारखं. आधी निम्म्या मजल्याचं मत त्याला होतं. मग भाग पुढे सरकले, त्याच्या जुन्या प्रकरणाचा मुलगा एका छोट्या राज्याचा वारस म्हणून समोर आला, तरी तो इकडे राजकन्या मिलेर्नालाही झुलवतोय आणि हितोमीलाही लग्नाचं विचारतोय, हे दिसलं आणि मतं फिरली. एक मुलगी मात्र शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं लढली. तिचं म्हणणं होतं की ॲलन प्रत्येक बाईत हरवलेली बहीण शोधतो. तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. आता मालिका पुन्हा बघताना वाटतं, आमच्यात तिनंच ती नीट बघितली होती.

वेगाबद्दल तक्रार असते, ती खरी आहे. मालिका मुळात एकोणचाळीस भागांची ठरली होती. पैशांमुळे ती सव्वीसवर आली, गोष्ट मात्र कमी केली नाही. त्यामुळे शेवटी शेवटी राजे मरतात, राज्यं बुडतात, शत्रूचे मित्र होतात आणि आपण पाणी प्यायला उठलो की एक लग्न चुकतं. मला ते आवडतं. लांबवलेल्या मालिका बघून बघून आपल्याला घाईचं अप्रूप उरलेलं नाही. २००० साली आलेला सिनेमा याच्या नेमका उलटा: देखणा, काळोखा, सावकाश, आणि त्यातली हितोमी जगायलाच कंटाळलेली. तो बघून मला थंडी वाजली, बाकी काही झालं नाही. त्यात नाकं तेवढी आटोक्यात आहेत. हो, नाकं. नोबुतेरु युकीनं मालिकेत काढलेली ती लांब, टोकदार नाकं. माझी सात वर्षांची लेक दोन भाग बघून उठली ती याच कारणानं: "आई, यांना सर्दी झाली की रुमाल पुरत नसेल."

लेक उठली, आत्या बसून राहिली.

मग रोजचा कार्यक्रम झाला. चार वाजता चहा, मग दोन भाग. मी अक्षरं वाचून मराठीत सांगायची, आणि आत्या मला मधेच तोडून स्वतःचं सांगायची. एस्काफ्लोनेला घाव बसला की तोच घाव व्हानच्या अंगावर उमटतो, हा भाग आला तेव्हा मला वाटलं होतं हे जरा समजवावं लागेल. रक्ताचा करार, इस्पानो नावाचे ते यंत्र बनवणारे कारागीर, यंत्र दुरुस्त होताना होणाऱ्या त्याच्या वेदना. आत्यानं एका वाक्यात मिटवलं. "पैठणात रेड्याला आसूड मारला, वळ ज्ञानोबाच्या पाठीवर उठलं. तसंच की हे." आणि चहाचा घोट घेतला. एवढे रोबो बघितले, पण रोबोला रेडा म्हणायची बुद्धी मला झाली नव्हती. बाकीच्या मालिकांत रोबो म्हणजे शस्त्र, फार तर वाहन. इथे तो मुका जीव आहे, आणि त्याला मारलेलं कुणाला तरी लागतं.

आणि तो आंधळाही आहे. हे मला दादाला कधी पटवता आलं नाही. झायबाख या शत्रुराज्याची यंत्रं झगा पांघरून अदृश्य होतात, आणि फानेलिया जळून खाक होतं ते याच कारणानं, सैनिकांना आपण कुणाशी लढतोय तेच दिसत नाही. दिसतं फक्त हितोमीला. ती ओरडून सांगते तिकडे व्हान तलवार घालतो. तिला कापून टाकलं की उरतो तो सात-आठ मीटरचा, हवेत हातवारे करणारा लोखंडी आंधळा. पाणाड्या नसताना मारलेली बोअर.

माझ्या नवऱ्याला आक्षेप होता तो न्यूटनबद्दल. झायबाखचा सम्राट डॉर्नकिर्क, नळ्या लावून यंत्रात जिवंत ठेवलेला म्हातारा, हा खरं तर पृथ्वीवरून तिथे पोचलेला आयझॅक न्यूटन निघतो. गुरुत्वाकर्षण सापडलं, आता नशीब ओढणारं बळ शोधायचं आणि ते यंत्रानं वळवायचं, असा त्याचा खटाटोप. नवरा ताडकन उठून म्हणाला, "काहीही! न्यूटनला खलनायक करतात?" त्याला वाटलं जपान्यांनी मोठं नाव फुकट वापरलंय. मी त्याला केन्सची गोष्ट सांगितली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सनं १९३६ साली लिलावात न्यूटनचे कागद विकत घेतले. त्यांत किमयेचं, परिसाचं, गूढ संकेतांचं ढीगभर लिखाण निघालं. ते वाचून केन्सनं लिहिलं की हा बुद्धियुगाचा पहिला माणूस नव्हता, जादूगारांमधला शेवटचा होता. नवरा गप्प झाला, पटलं म्हणून नाही. त्याला ते तपासायचं होतं. रात्री अकरा वाजता म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण तरी."

आत्याला न्यूटन माहीत नव्हता. ती म्हणाली, "म्हातारा समद्यांचं भलं कराया निघालाय. असली मानसं लई वाईट."

आता पाणाड्याची गोष्ट.

२००३ चा उन्हाळा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सगळीकडे टँकर. मी मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे होते. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. मामांची द्राक्षबाग वाळायला लागली होती, आणि त्यांनी पाणाड्या बोलावला. बारीक माणूस, पायात काही नाही, तळहातावर शेंडीवाला नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचा. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. आम्ही दहाएक जण त्याच्या मागनं, कुणी बोलायचं नाही. एका ठिकाणी नारळ उठला. दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. पाइपावर पाइप आत जात राहिला आणि वर नुसता पांढरा फुफाटा, सगळे टॉवेल नाकाला लावून उभे. चारशे फूट, फुफाटा. दुसरी जागा, साडेतीनशे, फुफाटा. पाणाड्या म्हणाला, "धनी, तुमच्या मनात शंका हाय. शंका असली की नारळ नीट सांगत न्हाई." मामा काही बोलले नाहीत. तिसऱ्या जागेचे पैसे त्यांनी कुठून आणले ते आम्हा पोरांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या जागी एकशे नव्वद फुटांवर फुफाटा ओला झाला, मग चिखल, मग पाणी.

एवढी गोष्ट मला ठाऊक होती. हितोमीच्या बाबतीत मालिका जे हळूहळू उलगडत जाते तेही हेच आहे, म्हणून मी ती आत्याला आठवण करून दिली. हितोमी अनिष्ट बघते, घाबरते आणि तेच घडतं; शेवटाकडे तिच्या ध्यानात येतं की आपली भीतीच त्याला ओढून आणतेय. मन जिकडे ओढ घेईल तिकडे लोलक झुकतो. "तुमचा पाणाड्या तेच म्हणत होता," मी म्हणाले. आत्या हं म्हणाली. नेहमीसारखी तोडली नाही.

दोन दिवसांनी मिलेर्नाच्या लग्नाचा भाग आला. राजकन्या मिलेर्ना हितोमीला विचारते, या व्यापाऱ्याशी, ड्रायडनशी लग्न करू का? हितोमी पत्ते मांडते. पत्ते वाईट पडतात. पण मिलेर्नाचं लग्न झालं तर ॲलन मोकळा, हे हितोमीच्या मनात असतं. ती खोटं सांगते: होईल, चांगलं होईल. तो प्रसंग फार लहान आहे. पत्त्यांवर एक नजर, डोळ्यांची हालचाल, आणि मग ते वाक्य. दादानं तर तो पळवलाच होता. पुढे लग्नाच्या दिवशीच हल्ला होतो आणि हितोमीला स्वतःचं तोंड बघवत नाही.

मला वाटलं आत्या चिडेल. पाणाडीण खोटं बोलली. आत्यानं काळा चष्मा काढला, डॉक्टरांनी मना केलेलं असून, पदरानं कड पुसली आणि म्हणाली,

"तिसऱ्या टायमाला नारळ उठला न्हवता."

मी टीव्ही थांबवला.

"त्यानं उठवला. अंगठ्यानं. मी बाजूलाच हुते, मी बघितलं. मामांचं त्वांड बघवंना त्याला. दोन डाव फुफाटा निघाल्याव माणूस कसा दिसतो तुला म्हाईत न्हाई. त्यानं उगंच तिथं उठवला आन् म्हनला, हितं हाय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? पाणी लागलं की."

मामा २०१४ ला गेले. तोवर ते प्रत्येकाला त्या पाणाड्याचं नाव सांगायचे. तालुक्यात त्याच्यासारखा माणूस नाही, म्हणायचे.

शेवटचा भाग आम्ही मे महिन्याच्या अखेरीला बघितला. हितोमी व्हानला सोडून पृथ्वीवर परत येते, आणि यावर माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं असतं. होस्टेलमध्ये आम्ही रडलो होतो आणि दिग्दर्शकाला शिव्या घातल्या होत्या. दादाला काही फरक पडला नव्हता, एस्काफ्लोने झोपी गेला त्याचं त्याला वाईट वाटलं. आत्याला ते साधं वाटलं: पोरगी माहेरी आली, आई वाट बघत असणार. तिला अडलं ते दुसरीकडेच. लोलक हितोमीच्या गळ्यात नव्हता, व्हानकडे राहिला होता.

"आता तिला कळायचं कसं फुडचं?"

"नाही कळणार," मी म्हणाले. "आता तिला नकोच आहे ते."

आत्यानं मान हलवली. टीव्ही बंद केल्यावर बाल्कनीतून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मला एक विचारायचं राहून गेलं होतं.

"आत्या, त्या तिसऱ्या बोअरच्या नारळाचं काय केलंत?"

"फोडला की. खोबरं वाटलं समद्यांना." ती उठून चहाचे कप गोळा करायला लागली. "तू बी खाल्लंस. परत मागितलंस."